न वाजणारा डबा

माझ्या भावाच्या बोरगाव मेघेच्या घरात, स्वयंपाकघरामागच्या गॅलरीत, वॉशिंग मशीनच्या डोक्यावर आमचा आर्वीचा पितळी डबा ठेवलेला असतो आणि त्यात कपडे धुण्याची पावडर असते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझा जीव चरकला. वहिनीला काही बोलावं, तर ती बिचारी कौतुकानं सांगत होती, झाकण पाहा ना ताई किती घट्ट बसते, पावडरला ओल धरत नाही. खरंच आहे ते. त्या डब्याचं झाकण पहिल्यापासून तसंच. दोन्ही हातांनी गच्च धरून फिरवल्याशिवाय निघायचं नाही. बुडाशी एका बाजूला पोचा आहे, तोही जिथल्या तिथे आहे. मी डबा उचलला, कानाशी धरला आणि हलवला. आतून पावडरचा खसखस आवाज आला. वहिनी माझ्याकडे पाहतच राहिली.

तो डबा भुलाबाईचा. म्हणजे वर्षभर त्यात कधी गूळ असे, कधी पोहे; पण भादव्याची पौर्णिमा जवळ आली की आई तो रिकामा करायची, चिंचेनं घासायची आणि उन्हात पालथा घालायची. मग आमच्या गल्लीत भुलाबाई बसायची. मातीची एवढीशी बाई, शेजारी तिचा भुलोजी, मांडीवर बाळ. तिथून कोजागिरीपर्यंत महिनाभर आम्हा पोरींचं राज्य. दिवेलागण झाली की टिपऱ्या घेऊन घरोघरी जायचं, अंगणात फेर धरून गाणी म्हणायची, आणि गाणी संपली की घरची बाई झाकलेला डबा घेऊन बाहेर यायची. ती डबा हलवणार, आम्ही कान देणार. आत काय खाऊ आहे ते ओळखायचं. ओळखला की वाटून घ्यायचा. नाहीच ओळखू आला तर सगळ्यांनी 'हारलो' म्हणायचं, मग ती बाई मिशीत हसल्यासारखं हसून झाकण उघडायची आणि दुसऱ्या दिवशी विहिरीवर चारचौघींत सांगायची, काल पोरी माझ्याकडे हारल्या. बायकांची त्यात मोठी शान असायची.

मी मात्र हरू द्यायची नाही. फुटाण्यांचा आवाज कोरडा आणि टणक, शेंगदाण्यांचा जरा दबका. साखरफुटाणे डब्याच्या भिंतीवर टणाटणा आपटतात. खोबऱ्याचे तुकडे एकमेकांवर घसरतात. लाडू गडगडतो आणि थांबतो. हे मला कोणी शिकवलं नव्हतं, कान आपोआप सांगायचे. गाण्यातही पुढे मीच. माझा आवाज तेव्हाही भरदार होता, पार गल्लीच्या तोंडाशी असलेल्या आमच्या किराण्याच्या दुकानापर्यंत जायचा. बाबा गिऱ्हाईकाला म्हणायचे, आमची वाघीण निघाली बरं का. मला त्याचं काय भूषण वाटायचं!

आश्विनातली आर्वी म्हणजे काय, हे आता कोणाला सांगू? दुपारी ऊन चटचट लागायचं आणि संध्याकाळी एकदम हवा फिरायची. शेतात ज्वारी पुरुषभर उभी. बाजाराकडून संत्र्यांचा आंबटगोड वास यायचा, आमच्या दुकानातला हळद-मिरचीचा वास त्यात मिसळायचा आणि दोन्ही मिळून जो तिसराच वास व्हायचा तो मला नंतर कुठेच भेटला नाही. कापसाच्या जिनिंग कारखान्याचा भोंगा वाजायचा. दिवाळीच्या तोंडावर कापसाच्या बैलगाड्या यायला लागल्या की गल्लीतल्या दोऱ्यांवरच्या कपड्यांना पांढरं रोम चिकटायचं, ते वेचत बसायला मला फार आवडायचं. पुलगावहून येणारी छोटी रेल्वे शिट्टी द्यायची आणि आई म्हणायची, चला, दिवे लावा. त्या गाडीच्या वेळेचा भरवसा नव्हता, पण आईचा तिच्यावर होता.

मग ते वर्ष आलं. सत्तरच्या दशकाची अखेर असेल, मी आठवीत होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत काय झालं कोण जाणे, मी वाढत सुटले. नुसती उभी. फ्रॉकची खालची दुमड उसवून आईनं तो लांब केला तरी गुडघे दिसायचे, आणि जुन्या दुमडीची रेघ कापडावर तशीच राहिली, धुऊन जाईना. हात कुठे ठेवायचे कळायचं नाही. वर्गात मला शेवटच्या बाकावर बसवलं, कारण मागच्या मुलींना फळा दिसेना. माझी जिवलग मैत्रीण शकू, समोरच्या घरातली, तशीच राहिली होती: लहानखुरी, गोरीपान, आवाज बारीक. आम्ही दोघी शाळेत जायला निघालो की चौकातलं कोणीतरी काहीतरी बोलायचंच. शकूला त्याचं काही वाटत नसे, कारण ते तिच्यासाठी नसायचंच. मी पोक काढून चालायला लागले.

त्याच वर्षी भुलाबाईच्या दिवसांत आत्याबाई आल्या, बाबांच्या थोरल्या बहीण, पुलगावला असायच्या. छोट्या गाडीनं आल्या, बरोबर वळकटी आणि पितळी पानपुडा. त्या वाईट नव्हत्या, हे मला आधीच सांगून ठेवलं पाहिजे. लहानपणी मी त्यांच्याच मांडीवर झोपलेली. पण त्यांच्या तोंडाला झाकण नव्हतं, आणि बिनझाकणाच्या भांड्यातलं सांडतंच. आल्या आल्या मला पाहून म्हणाल्या, अव बाप्पा, ही तर छताला लागली. मग हनुवटी धरून उजेडाकडे तोंड वळवलं आणि म्हणाल्या, रंग पण गेला. सकाळी मसुरीच्या डाळीचं पीठ आणि साय घेऊन मला मागच्या अंगणात बसवून चोळायला लागल्या. चोळून चोळून चेहरा लाल झाला, गोरा काही झाला नाही. मी आरशात पाहिलं आणि पहिल्यांदा स्वतःला दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहिलं. तोवर आरसा फक्त भांग पाडायला होता.

पण हे सगळं मी सोसलं असतं. जे सोसलं नाही ते त्याच संध्याकाळी झालं. आमच्या अंगणात फेर धरला होता, मी पुढे, मागून सगळ्या. आत्याबाई ओट्यावर पान लावत बसल्या होत्या, शेजारी मालूकाकू, शकूची आई. गाणं संपलं, पोरी श्वास घ्यायला थांबल्या, आणि त्या शांततेत आत्याबाई मालूकाकूंना सांगत असलेलं सगळ्यांना ऐकू आलं.

"पोरीचा आवाज पाह्यला का व? पडद्याच्या आड बोलली तर पोरगा वाटन. उद्या पाह्याले येतील त्याइच्या समोर का म्हणन हे, चूप बसवा लागन हिले."

मालूकाकू हसल्या. शकूही हसली, वाईट मनानं नाही, हसण्यासारखं होतं म्हणून. मीसुद्धा हसले. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते, कारण आतून मी मेल्याहून मेल्यासारखी झाले होते. पुढचं गाणं सुरू करायला माझं तोंड उघडेना. शकूनं सुरू केलं. तिचा बारीक, गोड आवाज अंगणाच्या बाहेरही जाईना, पण आत्याबाई म्हणाल्या, हां, याले म्हणतात पोरीचा गळा.

त्या दिवसापासून मी गाणं बंद केलं. जायची रोज, फेरात उभी राहायची, टिपऱ्या मारायची, आणि नुसते ओठ हलवायची. आवाज नाही. कोणाच्या लक्षात आलं नाही, निदान मला तसं वाटलं. डबा हलवला जायचा तेव्हा मला आत काय आहे ते पहिल्या झटक्यात कळायचं, पण सांगायचं म्हणजे मोठ्यानं बोलायचं. मी शकूच्या कानात कुजबुजायची, ती ओरडून सांगायची आणि पहिला घास तिला मिळायचा. घरीसुद्धा मी हळू बोलायला लागले. दुकानात गिऱ्हाईक असलं की मानेनंच हो-नाही. बाबा एकदा म्हणाले, वाघीण आजारी पडली काय? मी पुडीचा दोरा गुंडाळत राहिले. माझं मीच ठरवून टाकलं होतं की मी एक बिघडलेली वस्तू आहे: लांबी जास्त, रंग कमी, गळा पोराचा. अशा मुलीनं जागा कमी घ्यावी आणि आवाज करू नये. तेरा वर्षांच्या पोरीला असं वाटत असेल तर ते किती खरं वाटतं, हे मोठ्या माणसांना आठवत नाही.

आणि मग, जणू एवढं कमी होतं म्हणून, एका सकाळी माझं पोट दुखायला लागलं आणि मला वाटलं मी मरते. आईनं पाहिलं. ती मुळात कमी बोलणारी बाई. मला मागच्या पडवीत घेऊन गेली, जुनं गोधडं अंथरलं, काय करायचं ते दोन वाक्यांत सांगितलं आणि म्हणाली, आता चार दिवस इथंच बसजो, कोणाले शिवजो नोको. आत्याबाई घरभर सांगत सुटल्या, पोरगी शहाणी झाली. मला त्या शब्दाचा अर्थ कळला नाही. शहाणं होण्यासारखं मी काय केलं होतं?

पडवी म्हणजे स्वयंपाकघराच्या मागची, वर टिनाची, एका बाजूनं उघडी. समोर न्हाणी, पलीकडे विहीर, विहिरीजवळ सीताफळाचं झाड. माझं ताट वेगळं, पेला वेगळा. आई वरून वाढायची, तिचे हात माझ्या हातांना लागायचे नाहीत. रोज जे हात माझी वेणी घालायचे, ते वीतभर वर थांबायचे आणि भाकर ताटात पडायची. कोणी रागावलेलं नव्हतं, कोणी दुष्ट नव्हतं, सगळ्या घरांत असंच चालायचं. पण मला वाटलं, झालं, आता हेही खरंच ठरलं. मी हात न लावण्याच्याच लायकीची. शकू बाहेरून विचारायला आली तर तिला सांगितलं, तिले ताप आहे. मी पडवीतून ऐकत होते. ताप नाही, असं ओरडून सांगावंसं वाटलं आणि कुठल्या आवाजानं ओरडू, असंही वाटलं.

पडवीत बसलं की घर कानांनी आणि नाकानं कळतं. सकाळी पोळीचा खरपूस वास, मग दुकानात तेलाचं पिंप घरंगळत नेल्याचा आवाज, दुपारी आत्याबाईंचं घोरणं. दुसऱ्या दिवशी मला एक वेगळाच वास आला. जरासा आंबूस, ओलसर. तिसऱ्या दिवशी तो वाढला. ओळखीचा होता, पण जागेवर बसेना, कारण तो वास चैत्रातला आणि हवा आश्विनाची. न्हाणीजवळ एक मडकं झाकून ठेवलेलं होतं, आई सकाळी त्यातलं पाणी ओतून नवं पाणी घालायची. मालूकाकू विहिरीवर आल्या, मडक्यात डोकावल्या आणि हसायलाच लागल्या. आश्विनात कुरड्या घालतात का कोणी, वेड लागलं का तुम्हाले, म्हणाल्या. आई म्हणाली, पोरवडा मागून राह्यला होता. पोरवडा म्हणजे कोण? धाकटा भाऊ पाच वर्षांचा, त्याला कुरडी म्हणजे काय ते माहीत नव्हतं.

कुरड्यांचे गहू असेच भिजतात. तीन दिवस, रोज पाणी बदलत. मग ते वाटायचे, पिळायचे, पांढरं दुधासारखं पाणी ठेवून द्यायचं, वरचं पाणी ओतलं की खाली घट्ट सत्त्व बसलेलं असतं. ते उकळत्या पाण्यात घालून घोटलं की चीक होतो. कुरड्या पुढे उन्हात वाळतात, वर्षभर पुरतात, ते सगळं बायकांचं. पोरांचा असतो तो चीक. चैत्रात पहाटे, गच्चीवर, गरम गरम चिकावर दूध-साखर घालून खायचा, आणि मी तर लहानपणापासून असं म्हणायची की मला लग्नात जेवण नको, चीकच पाहिजे. घरात त्यावरून सगळे मला चिडवायचे.

चौथ्या दिवशी सकाळी आईनं पाट्यावर गहू वाटले. मी पाठमोरी बसून वरवंट्याचा आवाज ऐकत होते. संध्याकाळी भुलाबाई आमच्याकडे होती. आत्याबाई म्हणाल्या, घरात विटाळ आहे, यंदा राहू द्या, पोरींना नाही म्हणून सांगा. मला वाटलं, बरं झालं. पण आई म्हणाली, भुलाबाई पोरीइचीच हाय, तिले पोरीइचा काय विटाळ. एवढंच. आत्याबाईंचं तोंड उघडं राहिलं, कारण आईनं त्यांना उलट बोलल्याचं घरात कोणी ऐकलेलं नव्हतं.

गाडीची शिट्टी झाली, दिवे लागले, पोरी आल्या. अंगणातून टिपऱ्यांचा आवाज आणि शकूचा बारीक गळा पडवीपर्यंत कसाबसा येत होता. गाणं पुढे नेणारं कोणी नव्हतं, दोन ओळींनंतर सगळं सांडून जायचं. मी गुडघ्यांत डोकं घालून बसले होते आणि नुसते ओठ हलवत होते. माझ्या मलाच लक्षात आलं तेव्हा फार रडू आलं. कोणी पाहत नव्हतं, तरी मी नुसते ओठ हलवत होते.

गाणी संपली. आईनं डबा आणला असणार, कारण पोरी एकदम चूप झाल्या. चूपच राहिल्या. मग कोणीतरी म्हणालं, वाजून नाही राह्यला. आईनं पुन्हा हलवला. काहीच नाही. रिकामा आहे, एक पोरगी म्हणाली. रिकामा नाही, आई म्हणाली. गोड की तिखट? गोड. पेढा, शिरा, गूळ, बासुंदी, केळं, पोरींनी सगळं म्हणून पाहिलं. आई नाही म्हणत गेली. शेवटी त्या कंटाळल्या आणि एका सुरात म्हणाल्या, हारलो. आता झाकण उघडायचं, तशी रीत. पण झाकण फिरल्याचा आवाज आला नाही.

आईचा आवाज आला, रोजच्यासारखा, जरा थकलेला.

"अजून एक जण राह्यली."

आणि मला तिची पावलं ऐकू आली. स्वयंपाकघरातून, मागच्या दाराकडे. तिच्या मागे सगळ्या पोरींची पावलं. त्यांना ताप सांगितला होता. आता सगळ्या पाहतील, मी अशी, वेगळ्या ताटाशेजारी, जुन्या गोधड्यावर, हात न लावायची. आई दारात उभी राहिली, उंबऱ्याच्या आत, आणि मी बाहेर. तिच्यामागे शकूचं तोंड, आणखी चार तोंडं, आणि सगळ्यांच्या मागून आत्याबाई. आईनं डबा माझ्यासमोर धरला आणि हलवला. वाजला नाही. पण तिच्या हातांत तो जड होता, ते मला दिसलं. डबा तिनं पदरानं धरला होता, म्हणजे आतलं गरम होतं.

"सांग," ती म्हणाली. "मोठ्यानं सांग, ह्या पोरीइले ऐकू गेलं पाह्यजे."

मला कळलेलं होतंच. तीन दिवसांपासून ते माझ्या नाकाशी भिजत होतं. तिनं गहू भिजवले तो दिवस मी मनाशी मोजला: मला पडवीत आणून बसवलं तोच दिवस. गोधडं अंथरून ती आत गेली होती ती गहू निवडायला गेली होती. ते मला तेव्हा कळलं. ती वाट पाहत उभी. आत्याबाई काहीतरी म्हणायला लागल्या, आईनं मागे न पाहता नुसता हात वर केला. मग मी बोलले.

"चीक."

केवढा आवाज होता तो! किती दिवसांचा साठलेला, टिनाच्या छपराला लागून परत आला. सीताफळाच्या झाडावरून एक पाखरू उडालं. मी स्वतःच दचकले. शकू ओरडली, बरोबर, बरोबर, चीकच असन, आणि सगळ्या नाचायला लागल्या, कारण त्या हरल्या नव्हत्या. माझ्यामुळे हरल्या नव्हत्या. पार दुकानाकडून बाबांचा आवाज आला, वाघीण आली का परत? मला हसू आणि रडू एकदम आलं.

आईनं झाकण फिरवलं. वाफ वर आली. ओळखणाऱ्या पोरीला पहिला घास, घरच्या बाईच्या हातून, ही भुलाबाईची रीत. मी सवयीनं ताट पुढे केलं, वरून टाकेल म्हणून. तिनं ताटाकडे पाहिलंच नाही. उंबरा ओलांडला, खाली बसली, चमच्यानं चीक घेतला, फुंकर घातली आणि दुसऱ्या हातानं माझी हनुवटी धरून मला भरवला. आत्याबाईंनी 'शिव शिव' म्हटलेलं मी ऐकलं. आईची बोटं गरम होती आणि त्यांना गव्हाचा आंबूस वास होता. चार दिवसांनी मला कोणीतरी हात लावत होतं. मी तो घास गिळू शकले नाही, कितीतरी वेळ तोंडातच ठेवला.

नंतर पोरी घरी गेल्या आणि आई विहिरीवर गेली. मी पडवीतून पाहत होते. तिनं बादली ओढली, लुगड्यासकट डोक्यावरून पाणी घेतलं, एक, आणखी एक, कारण तिला शिवाशिव झाली होती आणि अजून सगळ्यांचा स्वयंपाक व्हायचा होता. आश्विनातलं पाणी गार असतं. ती कुडकुडली आणि आत गेली, चूल पेटल्याचा आवाज आला. तिनं रीत मोडली नव्हती, असं कोणी म्हणेल. मी एवढंच म्हणते की गार पाणी अंगावर घ्यायचं आहे हे तिला चमचा उचलण्याआधी माहीत होतं. आत्याबाईंनी त्या रात्री दोन वाट्या चीक खाल्ला आणि साखर कमी पडली म्हणाल्या.

लगेच सगळं ठीक झालं, असं काही नाही. पोक जायला पुष्कळ वर्षं लागली. रंगाचं दुःख तर पार कॉलेजपर्यंत पुरलं, पाहायला येणारेही काय काय बोलून गेले. पण कोजागिरीला ज्वारीच्या धांड्यांची खोपी करून भुलाबाई तिच्यात बसवली, तेव्हा पुढे उभी राहून गाणं मी म्हटलं, आणि ते दुकानापर्यंत गेलं. पुढे जिनिंगचा भोंगा बंद झाला, छोटी गाडी बंद झाली, बाबा गेले, दुकान गेलं. मी शाळेत शिकवायला लागले, साठ पोरांचा वर्ग माझ्या एका हाकेत चूप व्हायचा. आता तेही संपलं.

आई भावाकडे असते. नव्वदीला आली आहे, गुडघे गेले, आणि दोन वर्षांपासून कानही. कानाचं मशीन बसवलं होतं, ते तिनं काढून फुलदाणीत ठेवलं. वहिनी ओरडून ओरडून दमते, नातवंडं कानाशी तोंड नेतात, आई नुसती हसते. मी डबा पुसून, पावडर दुसऱ्या बरणीत ओतून, तो घेऊन तिच्या खाटेशी जाऊन बसले. तिच्या मांडीवर ठेवला. तिनं पोच्यावरून बोट फिरवलं.

मी म्हटलं, तुले आठवते का, आश्विनात चीक केलता? सहज म्हटलं, नेहमीच्या आवाजात. वहिनी दारातून म्हणाली, अहो ताई, जोरानं बोला, असं नाही ऐकू येत त्यांना. पण आईनं मान वर केली.

"आठवते ना. तू टिपऱ्या मारे अन् नुसते ओठ हालवे, पोरीइच्या मधात. मले दिसे ते."

वहिनी चकित होऊन आत आली. तिनं लगेच आईला काहीतरी विचारलं, तिच्या बारीक, गोड आवाजात, चहा ठेवू का असंच काहीतरी. आई तिच्या तोंडाकडे पाहत राहिली, मग माझ्याकडे वळून म्हणाली, का म्हणते ती? ह्या सगळ्याइचे आता ओठच हालतात. तुह्यं तेवढं ऐकू येते. इतकी वर्षं ज्या गळ्याला मी कमी लेखलं, तोच तेवढा तिच्यापर्यंत पोचत होता. मी डब्यावर हात ठेवून बसून राहिले. खिडकीतून ऊन येत होतं, बाहेर कोणीतरी मोटारसायकल धूत होतं.

आईनं माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं.

"चूप काऊन बसली व?" ती म्हणाली. "बोल ना."